‘नाही’ लिही आणि मोकळा हो

सैन्यभरतीची तारीख जवळ आली की माझ्या टेबलावर वर्तणुकीच्या दाखल्यांची चळत लागते. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पावसाने पाठ फिरवलेल्या पट्ट्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे ऊस नाही, कारखाना नाही. पण पहाटे चार वाजता डांबरी रस्त्याला लागलात तर अंधारात पोरांच्या बुटांचे आवाज ऐकू येतात. ‘सोळाशे’ चालू असते. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आले की साठ गुण, आणि बीमवर दहा पुल-अप्स मारले की चाळीस. हे आकडे इथल्या सातवीतल्या पोरालाही पाठ असतात. अपशिंगे मिलिटरी याच जिल्ह्यातले. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची शेहेचाळीस माणसे कामी आली आणि ‘मिलिटरी’ हा शब्द गावाच्या नावालाच चिकटला. असा हा मुलूख.

भरतीला सरपंचाचा दाखला लागतो, अविवाहित असल्याचा लागतो, आणि शाळेचा लागतो. माझ्या वाट्याचा दाखला छापील असतो. ‘सदर विद्यार्थ्याची वर्तणूक माझ्या माहितीप्रमाणे चांगली आहे.’ खाली शिक्का, सही. माझी माहिती काय, हे मला कुणी विचारत नाही आणि मीही पोराला काही विचारत नसे.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी अग्निवीर म्हणून, म्हणजे सैन्यात चार वर्षांसाठी, लागला. लेखी, ग्राउंड, मेडिकल, मेरिट, सगळे पार पडले. गावाने फ्लेक्स लावला, हलगी वाजवली. पोरगा ट्रेनिंगला गेला आणि काही आठवड्यांनी परत आला. कुणाला काही न सांगता चुलत्याच्या टेम्पोवर बसायला लागला. पुढे कळले की पोलीस पडताळणीत एक गुन्हा निघाला होता. बांधावरून झालेल्या भावकीच्या भांडणात दोन्ही बाजूंनी एकमेकांवर केसेस झाल्या होत्या आणि घरातल्या सगळ्या पुरुषांबरोबर याचेही नाव फिर्यादीत होते. तो भांडणात होता की नव्हता, हा प्रश्नच आला नाही. फॉर्मवर विचारले होते, कधी गुन्हा दाखल झाला आहे का? याने ‘नाही’ लिहिले होते. भरतीची तयारी करून घेणाऱ्या ज्या खासगी अकादमीत तो वर्षभर राहिला, तिथे त्याने विचारलेही होते. उत्तर मिळाले होते, “नाही लिही आणि मोकळा हो.”

त्याला घरी पाठवले ते गुन्ह्यामुळे नव्हे, ‘नाही’मुळे. कागद बघितले तर तेवढेच दिसते.

‘खोटे बोलला, भोगतोय’ असे म्हणून हा विषय मिटवता येतो. मलाही तो मोह झाला होता. पण पोरगा खोटारडा नव्हता. अठराव्या वर्षी त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक शहाण्या माणसाने त्याला हेच सांगितले होते. अकादमीने तोंडाने सांगितले, घरच्यांनी गप्प राहून सांगितले, मी न वाचता सही करून सांगितले. आणि खरे बोलले तर काय होईल याचे साधे, छापील, समजेल असे उत्तर देणारे कुठलेही कार्यालय त्याला भेटले नाही. भरतीच्या व्यवस्थेने खरे बोलणे इतके महाग करून ठेवले आहे की ते फक्त भोळ्यालाच परवडते, ही माझी तक्रार आहे. आणि लष्कराला नेमके याच्या उलट हवे असते.

आधी तो फॉर्म काय विचारतो ते पाहू, कारण पोरे तो वाचत नाहीत; इंग्रजी-हिंदीतला असतो, दुसरा कुणीतरी भरून देतो. सरकारी नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये साधारण अशी विचारणा असते: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? खटला झाला आहे का? स्थानबद्ध केले होते का? बंधपत्र लिहून घेतले आहे का? दंड किंवा शिक्षा झाली आहे का? आता काही प्रलंबित आहे का? यातला सगळ्यात वजनदार शब्द आहे ‘कधी’. आमची पोरे त्या सगळ्या प्रश्नांचा मिळून एकच अर्थ घेतात, ‘शिक्षा झाली आहे का?’ शिक्षा झालेली नसते, म्हणून ‘नाही’. निर्दोष सुटला, ‘नाही’. तडजोड झाली, ‘नाही’. पण प्रश्न निकालाचा नाही, घडलेल्या गोष्टीचा आहे. निर्दोष सुटलेल्याला अटक झालेली असू शकते आणि ती लिहायचीच असते.

आता आमच्याकडे नाव कसे पडते तेही सांगायला हवे. शहरातल्या वाचकाला वाटते, केस म्हणजे काहीतरी केलेले असणार. गावात फिर्याद लिहिताना माणसे हिशेब करतात. ‘त्याचं पोरगं भरतीला निघालंय न्हवं, मग घाल त्याचं नाव.’ हे मी स्वतः ऐकले आहे, एकदा नव्हे. बांध कोरला म्हणून झालेल्या वादात समोरच्याचे डोके फोडण्यापेक्षा त्याच्या पोराची नोकरी मारणे जास्त लागते, हे सगळ्यांना कळलेले आहे. मारहाण, शिवीगाळ, धमकी, म्हणजे जुन्या दंड संहितेची कलमे 323, 504, 506. नव्या न्याय संहितेत आकडे बदलले, 115, 352 आणि 351 झाले. भांडणे तीच राहिली. कित्येकदा ठाण्यात फक्त एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. पण एनसी, एफआयआर आणि दोषारोपपत्र यातला फरक पोराला कुणी समजावत नाही. त्याच्या लेखी ‘केस पडली’ एवढेच असते. भीतीही तेवढीच, आणि लपवणेही तेवढेच.

सगळ्यात फसवी आहे ती चॅप्टर केस. गणपती, दहीहंडी, ग्रामपंचायतीची निवडणूक, यांच्या आधी ठाण्यातून गावातल्या दहा-पंधरा पोरांना नोटिसा निघतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 107, आता नागरिक सुरक्षा संहितेचे 126. तहसीलदारांसमोर उभे राहायचे, शांतता राखीन असे बंधपत्र लिहून द्यायचे आणि घरी यायचे. पोरे हसत जातात, येताना वडापाव खाऊन येतात. त्यांना ती केस वाटतच नाही, कारण गुन्हा घडलेला नसतो. तो घडू नये म्हणून केलेली ती तजवीज असते. पण फॉर्ममधला ‘बंधपत्र लिहून घेतले आहे का’ हा प्रश्न याच वडापावच्या दिवसाबद्दल असतो. मंडळाचा अध्यक्ष म्हणून नाव दिले आणि भरतीच्या वाटेत काटा पडला, असे होऊ शकते. बंदोबस्ताची यादी फुगवण्यासाठी सरसकट नावे टाकणाऱ्या ठाण्याला याची कल्पना नसते, असे मी मानत नाही.

सगळा दोष दुसऱ्यांचा, असे मात्र मी म्हणणार नाही. वाढदिवसाला रस्त्यावर तलवारीने केक कापायचा, त्याचे रील टाकायचे आणि मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा झाला की ‘सर, गंमत होती’ म्हणायचे, हे प्रकार आमच्याही तालुक्यात झाले. असा पोरगा ठाण्यात बसलेला पाहून मला दया येत नाही. बंदूक हातात घ्यायची हौस असलेल्याने तलवार कुठे काढायची नसते, एवढे कळायला हवे.

आंदोलनांचे वेगळे. अग्निवीर भरतीची अग्निपथ योजना 14 जून 2022 रोजी जाहीर झाली आणि पुढच्या काही दिवसांत बिहारपासून सिकंदराबादपर्यंत रेल्वेगाड्या जळाल्या. 19 जूनला लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की प्रत्येक उमेदवाराला आपण जाळपोळीत, निदर्शनांत नव्हतो असे लिहून द्यावे लागेल, शंभर टक्के पोलीस पडताळणी होईल आणि एफआयआर असेल तर प्रवेश नाही. गाडी जाळणाऱ्याला सैन्यात घेऊ नये हे मान्य. पण एफआयआर म्हणजे दोष नव्हे. ती तक्रारीची पहिली नोंद असते. हजाराच्या जमावात कुणाचे नाव पोलिसांना ठाऊक होते यावर ती ठरते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आपल्याकडे किती पोरांची नावे अशीच आली. ‘गुन्हे मागे घेऊ’ हे आश्वासन आपण सरकारांकडून वारंवार ऐकले. त्यातला बारकावा पोरांना कुणी सांगत नाही. सरकारने ठरवले तरी सरकारी वकिलाला न्यायालयात अर्ज करावा लागतो, न्यायालयाची परवानगी लागते, आणि खटला मागे घेतला गेला तरी ‘कधी’ या शब्दाचे उत्तर बदलत नाही.

मग खरे लिहिले तर काय होते? यावर सर्वोच्च न्यायालयाचा 21 जुलै 2016 चा अवतार सिंग खटल्यातला निकाल आहे. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वेगवेगळे जुने निकाल एकत्र करून वाट आखून दिली. माहिती खरीच द्यावी. लपवलेली गोष्ट किरकोळ असेल, तरुण वयात दिलेल्या घोषणा किंवा क्षुल्लक गुन्हा असेल, तर नोकरी देणाऱ्याला ती चूक पदरात घेता येते. मात्र सगळे खरे सांगितले तरी पूर्वेतिहास पाहण्याचा हक्क नोकरी देणाऱ्याकडे राहतो. घ्याच अशी सक्ती करता येत नाही. 2022 साली रेल्वे सुरक्षा दलाच्या पवन कुमार या शिपायाला न्यायालयाने दिलासा दिला. त्याच वर्षी सतीशचंद्र यादव या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानाला नाकारला. म्हणजे रेषा आहे, पण ती निकाल लागल्यावर दिसते. दिल्लीला वकील लावून ती शोधण्याइतकी ऐपत टेम्पोवर बसणाऱ्या पोराकडे नसते.

लष्कराचा स्वतःचा कायदा तर याहून कडक आहे. 1950 च्या सेना अधिनियमाचे कलम 44 म्हणते की भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे नंतर उघड झाले, तर कोर्ट मार्शल होऊन पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘नाही लिही आणि मोकळा हो’ म्हणणाऱ्या अकादमीच्या भिंतीवर हे कलम मी अजून पाहिलेले नाही. तिथे ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ असते.

एक सूट मात्र पोरांच्या बाजूची आहे आणि ती जवळपास कुणाला ठाऊक नसते. अग्निवीर साडेसतराव्या वर्षापासून भरती होतो. म्हणजे त्याच्या आयुष्यातली बहुतेक भांडणे तो अल्पवयीन असतानाची असतात. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम 24 सांगते की अठराच्या आत घडलेल्या आणि बाल न्याय मंडळाने निकाली काढलेल्या प्रकरणामुळे कुणी अपात्र ठरत नाही. अपवाद आहे तो सोळाच्या वरच्या, भीषण गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. कायद्याने जे पुसले आहे, तेही पोरगा चोरासारखे पोटात घेऊन फिरतो. घाबरलेला माणूस आधी गप्प बसतो, मग खोटे बोलतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आमच्या शेजारचे एक निवृत्त सुभेदार मला म्हणाले, “गुरुजी, जागा शंभर, पोरं पाच हजार. स्वच्छ पोरं रांगेत असताना डाग असलेला कशाला घ्यायचा? हातात रायफल द्यायची आहे.” सैन्याच्या बाजूने हे गणित बिनचूक आहे, नकार द्यायला काही खर्च येत नाही. मी त्यांना विचारले, रांगेतली पोरे स्वच्छ आहेत हे कशावरून? त्यांनी ‘नाही’ लिहिले आहे म्हणून? ठाण्याचे दप्तर नीट असले तर काही सापडतील. दप्तर ढिसाळ असेल, पाटलाने सांभाळून घेतले असेल, पडताळणीला आलेल्या हवालदाराचा चहापाणी झाला असेल, तर ते आत जातील. खरे लिहिणारा मात्र हमखास बाजूला पडेल. म्हणजे आपण निवडतो आहोत ते डाग नसलेले नव्हे, न सापडलेले. आणि त्या पोराने सैन्यात पाऊल टाकण्याआधीच एक गोष्ट शिकलेली असते, वरच्याला सांगायचे नसते.

सुभेदार गप्प राहिले, मग म्हणाले, “सुट्टीचं तसंच होतं.” हे त्यांचे वाक्य मला माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा पटले. शिस्तभंग म्हटले की लोकांना दारू आणि मारामारी आठवते; त्यांच्या अनुभवात निम्मी प्रकरणे सुट्टीची. पोरगा रजेवर गावी येतो, बापाचे ऑपरेशन निघते, नाहीतर बहिणीचे लग्न पुढे जाते. एक फोन युनिटला केला, ‘साहेब, चार दिवस वाढवून द्या’ म्हटले, तर बहुतेकदा मिळतात. पण फोन करायचा नाही, हे शिकलेला पोरगा फोन बंद करून बसतो. चार दिवसांचे दहा, दहाचे तीस होतात. रजा उलटून गैरहजर राहणे हा त्याच सेना अधिनियमाच्या कलम 39 चा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. आणि तीस दिवस उलटले की चौकशी बसते. तिथून शीटरोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रावर, शिक्षेची लाल शाईची नोंद. अशा चार लाल नोंदी झाल्या की घरी पाठवण्याची वाट मोकळी होते. तिथेही वीरेंद्र कुमार दुबे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला 2015 साली सांगावे लागले की चार हा आकडा भरला म्हणून काढता येणार नाही. आधी चौकशी करा, सेवा किती झाली, कुठल्या खडतर ठिकाणी झाली, हे बघा. अग्निवीराला तर चारच वर्षे आहेत आणि पुढे जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार. त्याच्या कागदावर एक लाल रेघही जड जाते.

मेडिकलचेही तेच. सध्या आधी ऑनलाइन लेखी, मग ग्राउंड, मग मेडिकल. पोरगा वर्षभर अकादमीची फी भरतो, मेसचे डबे खातो, आणि शेवटच्या दारात त्याला सांगितले जाते की गुडघे जुळतात, पाय सपाट आहेत, दात कमी भरले. दंडावर राजमुद्रा गोंदलेली असते. गोंदण चालते ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे, दंडावर नव्हे. आदिवासी जमातींना त्यांच्या प्रथेप्रमाणे सूट आहे. हे सोळाव्या वर्षी सांगितले असते तर सुई लागलीच नसती. पण अकादमी आधी तपासत नाही, कारण आधी तपासले तर फी जाते. उलट ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे पाठ करून रंगांधळेपणा लपवायच्या गोष्टी पोरे एकमेकांना सांगतात. लाल आणि हिरवा दिवा न ओळखणारा शिपाई रात्री कुणाच्या जिवावर उठेल, हा विचार त्या गोष्टीत नसतो.

आणि अकादम्यांना दोष देताना लष्करानेही आरशात बघायला हरकत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी सैन्यभरतीची फुटलेली प्रश्नपत्रिका पकडली तेव्हा क्लासवाल्यांबरोबर लष्कराशी संबंधित माणसेही सापडली होती. फेब्रुवारी 2021 मध्ये पुण्यात पेपर फुटला आणि देशभरची परीक्षा रद्द करावी लागली. अटका सेवेतल्या अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. पोरांना हे सगळे माहीत असते. ‘वरपासून असंच चालतंय सर’ असे ते म्हणतात, तेव्हा माझ्याकडे लगेच उत्तर नसते.

मला हवे आहे ते फार मोठे नाही. भरतीच्या नोंदणीच्या पानावरच, मराठीत, कोणत्या प्रकारच्या प्रकरणामुळे दार बंद होते, कोणत्यात अधिकारी विचार करतात आणि कोणत्याकडे बघितलेही जात नाही, हे छापावे. न्यायालयाने वाट आखून दिली आहे. ती पोराला पहिल्या दिवशी वाचता यावी, बाहेर पडल्यावर नव्हे. ज्याने नोंदणीच्या वेळीच सगळे लिहिले, त्याचे प्रकरण ग्राउंडच्या आधी निकालात काढावे. नकार द्यायचा तर तेव्हाच द्यावा, म्हणजे तो पोलीस भरतीकडे नाहीतर आयटीआयकडे वळेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात अकरावीतच गुडघे, दात, कान, डोळे बघून एक साधी चिठ्ठी मिळावी, तिला कायदेशीर वजन नसले तरी चालेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, गावोगावी पेन्शनर आहेत. फॉर्मचा तो एक रकाना समजावून द्यायला त्यांच्याइतके योग्य कोण? आणि ठाणेदारांनी चॅप्टर केसच्या यादीवर सही करताना नावापुढचे वय एकदा वाचावे.

एवढे झाले तरी खरे बोलणारा प्रत्येक जण लागेल असे नाही. काहींना नकारच मिळेल, आणि तो मिळाल्यावर माझ्यासमोर येऊन ‘तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं’ असे म्हणणारा पोरगाही असेल. ती जबाबदारी माझी. पण नकार घेऊन घरी आलेला पोरगा आणि फसवणूक करणारा म्हणून घरी पाठवलेला पोरगा, या दोघांपुढचे रस्ते सारखे नसतात. पहिल्याला दुसऱ्या भरतीचे दार उघडे असते. दुसऱ्याला पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: याआधी नोकरीतून काढले आहे का?

दाखला आता मी लगेच देत नाही. पोराला समोर बसवतो, दार लावतो आणि विचारतो. बहुतेक जण नाही म्हणतात, आणि ते खरेच असते. या खेपेला एक जण बराच वेळ खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. मग गणपतीतली नोटीस, तहसील, बंधपत्र, सगळे सांगितले. तारीखही आठवत होती. मी त्याच्यापुढे फॉर्म सरकवला. त्याने तो रकाना बोटाने मोजला, जेमतेम दोन बोटे जागा होती.

“सर, एवढ्यात मावणार नाही.”

मी त्याला ड्रॉवरमधला कोरा फुलस्केप काढून दिला.